फिल्मकडून डिजिटलकडे: नाशिकच्या हौशी फोटोग्राफरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९९१ चा सिंहस्थ मी चार रोलमध्ये टिपला, २००३ चा अकरा रोलमध्ये आणि २०१५ चा दोन मेमरी कार्डांवर. मधेच कधीतरी, २००५ मध्ये, फिल्म सोडून डिजिटलवर आलो. आता पुढचा सिंहस्थ तोंडावर आल्यामुळे लोकांच्या कपाटांतले जुने कॅमेरे पुन्हा बाहेर निघू लागलेत. गोदाघाटावर सकाळी भेटणारी मंडळी, जुने शाळासोबती आणि आता त्यांची मुलंसुद्धा मला तेच ते प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, अडचणीचे पुढे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझा फिल्म कॅमेरा अजून ठणठणीत आहे. मग डिजिटल घ्यायचाच कशाला?

समाधान होत असेल तर घेऊ नका. पण शिकायचं असेल तर घ्या. फिल्मवर चूक कळायची ती रोल धुऊन आल्यावर, म्हणजे आठ-दहा दिवसांनी. तोवर कोणत्या फोटोला अ‍ॅपर्चर (लेन्सच्या भोकाचा आकार) किती ठेवलं होतं हे डोक्यातून गेलेलं असायचं. मी खिशात छोटी वही ठेवायचो: फ्रेम १४, एफ ८, १२५, रामकुंड, ढगाळ. डिजिटलमध्ये ही वही फाइलमध्येच आपोआप लिहिली जाते, आणि फोटो काढल्याक्षणी पाहता येतो. माझ्या मते खरा फायदा हाच. पैशांची बचत त्यानंतर.

फिल्म कॅमेरा मात्र विकू नका. त्याच्या लेन्स उपयोगी पडतील (प्रश्न ४), आणि कधी मनात आलं तर रोलही भरता येईल.

२. ३५ एमएम फिल्मची बरोबरी करायला किती मेगापिक्सेल लागतात?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि सगळ्यांत कमी महत्त्वाचा आहे. २००३ मध्ये कॅननचा ३००डी आला आणि २००४ मध्ये निकॉनचा डी७०. दोन्ही साधारण ६ मेगापिक्सेलचे. तीन हजार बाय दोन हजार ठिपके म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर १० बाय साडेसहा इंचांची उत्तम प्रिंट. आमच्या दिवाणखान्यात ६ मेगापिक्सेलवरून काढलेली १२ बाय १८ ची प्रिंट आहे, आणि ती कोणत्या कॅमेऱ्याची हे आजवर कुणी विचारलेलं नाही. गेल्या पंधरा वर्षांतला कोणताही एसएलआर (आत आरसा असलेला) किंवा मिररलेस (आरसा नसलेला) कॅमेरा तुमच्या गरजेला पुरून उरेल. आकडा सोडा, लेन्स पाहा.

३. नवीन घेऊ की सेकंडहँड? सेकंडहँड घेताना काय तपासायचं?

पहिला डिजिटल सेकंडहँडच घ्या. वाचलेले पैसे लेन्सला लावा. दुकानातच चार गोष्टी करा. शटर काउंट, म्हणजे आजवर शटर किती वेळा उडालं तो आकडा, विचारा आणि तो स्वतः पडताळा. अ‍ॅपर्चर एफ १६ ठेवून पांढऱ्या भिंतीचा आउट ऑफ फोकस फोटो काढा, सेंसरवरचे (फिल्मच्या जागी प्रकाश टिपणाऱ्या तबकडीवरचे) डाग लगेच दिसतील. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च तिरका मारून आत बुरशीचं जाळं आहे का पाहा. आणि चार्ज केलेली बॅटरी लावून निदान पन्नास फोटो काढा, कारण थकलेली बॅटरी पहिल्या दहा फोटोंत उघडी पडत नाही.

४. माझ्या जुन्या लेन्स डिजिटल बॉडीवर चालतील का?

लेन्स कोणत्या माउंटची (बॉडीला जोडणाऱ्या कड्याची) आहे यावर सगळं आहे. एकेक घेऊ.

निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा. त्यामुळे बऱ्याच लेन्स बसतात, पण बसणं वेगळं आणि चालणं वेगळं. डी मालिकेच्या बहुतेक ऑटोफोकस लेन्सना फोकस फिरवणारी मोटर बॉडीत लागते. ती डी४०, डी६०, तसंच डी३००० आणि डी५००० मालिकांत नाही, तिथे फोकस हाताने करावा लागतो. डी९० आणि डी७००० मालिकेत मोटर आहे. पूर्ण मॅन्युअल एआय लेन्स असेल तर डी७०००, डी७१००, डी७२०० यांवर मीटर (प्रकाश मोजणारी सोय) चालतो. डी९० वर चालत नाही, एक्स्पोजर अंदाजाने ठेवावं लागतं. एआयच्या आधीच्या, म्हणजे १९७७ पूर्वीच्या, लेन्स मात्र जोर करून लावू नका. बॉडीच्या कडेवरची छोटी कळ तुटते.

कॅननवाल्यांचे दोन गट आहेत. १९८७ नंतरच्या ईएफ लेन्स डिजिटल एसएलआरवर सगळ्या सोयींसह चालतात. त्याआधीच्या एफडी लेन्स त्याच बॉडींवर चालत नाहीत, कारण लेन्सपासून फिल्मपर्यंतचं अंतर एफडीला ४२ मिलिमीटर आणि ईएफला ४४. मधे काच असलेला अ‍ॅडॅप्टर मिळतो, पण ती काच लेन्सची धार घालवते.

एफडी, याशिका, झेनिटची लेन्स अशांसाठी मिररलेस बॉडी घ्या. आरसा नसल्यामुळे तिथे हे अंतर १६ ते २० मिलिमीटरच असतं. उरलेल्या जागेत साधा धातूचा अ‍ॅडॅप्टर बसतो. फोकस आणि अ‍ॅपर्चर हाताने, पण फिल्मवर वाढलेल्या माणसाला त्यात परकं काहीच नाही. पडद्यावर फोकसची जागा मोठी करून पाहता येते, त्यामुळे माझ्या चाळिशीतल्या डोळ्यांपेक्षा साठीतले डोळे आज जास्त अचूक फोकस करतात.

५. तीच ५० एमएम लेन्स डिजिटलवर लावली तर जवळून काढल्यासारखा फोटो का येतो?

फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची. बहुतेक हौशी डिजिटल कॅमेऱ्यांचा सेंसर त्याहून लहान असतो. लेन्स तेच चित्र टाकते, सेंसर त्याचा मधला भागच उचलतो. निकॉनवर ५० ची लेन्स ७५ सारखी वागते, कॅननवर ८० सारखी. वाड्याच्या चौकात उभं राहून सगळं घर चौकटीत घ्यायची २८ ची लेन्स आता पुरत नाही. त्यासाठी १८ ची लागते. उलट नांदूरमधमेश्वरला हिवाळ्यात पक्ष्यांसाठी तुमची ७०-३०० एकदम ४५० पर्यंत पोचते.

६. फिल्मवर एक्स्पोजर बरोबर यायचं. डिजिटलवर आकाश पांढरंफटक का होतं?

कारण हाताला लागलेली सवय उलटी आहे. निगेटिव्हवर आपण सावलीला जपायचो. एखादा स्टॉप जास्त पडला, म्हणजे प्रकाश दुप्पट झाला, तरी निगेटिव्ह थोडी दाट व्हायची, प्रिंट काढताना सांभाळून घेता यायचं. कमी पडला की सावलीत काही उरायचं नाही. डिजिटलमध्ये नेमकं उलट आहे. सावलीतून पुष्कळ काही वर काढता येतं, पण उजळ भाग एकदा जळला की तिथे माहितीच नसते. पांढरं ते पांढरंच. ज्यांनी स्लाइड फिल्म वापरली आहे त्यांना हे पटकन कळतं, कारण स्लाइडचा स्वभाव असाच होता.

म्हणून उजळ भाग धरून एक्स्पोजर ठेवा. हिस्टोग्राम (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा आलेख) उजव्या भिंतीला आदळत असेल तर कमी करा. जळालेला भाग लुकलुकून दाखवणारी सोय मेनूत असते, ती चालूच ठेवा.

आता मीटरचं. मीटर पूर्वीही समोरचं सगळं मध्यम राखाडी समजायचा, आजही समजतो. फरक एवढाच, की पूर्वी लॅबवाला प्रिंट काढताना गुपचूप दुरुस्त करायचा. काळाराम मंदिराचा काळा पाषाण चौकटभर घेतला तर मीटर त्याला उजळ करू पाहतो आणि दगड राखेच्या रंगाचा येतो. तिथे एक्स्पोजर भरपाई उणे एक ठेवा. रामकुंडावर पांढऱ्या धोतरांची गर्दी असेल तर उलट होतं, कपडे मळके दिसतात. तिथे अधिक दोन-तृतीयांशपासून सुरू करा, पण हिस्टोग्रामकडे लक्ष ठेवूनच.

७. रॉ की जेपेग?

रॉ म्हणजे तुमची निगेटिव्ह, जेपेग म्हणजे लॅबने काढून दिलेली प्रिंट. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. सांभाळून घ्यायची जागा तिथे आहे. सुरुवातीला दोन्ही एकदम साठवा.

८. नाटकाचे फोटो काढतो. चारशेचा रोल सोळाशेला ढकलायचो. आता आयएसओ (प्रकाशाला प्रतिसादाचा आकडा) किती ठेवू?

कालिदास कलामंदिरात फ्लॅश न मारता फोटो काढायचा म्हणजे पूर्वी चारशेचा कृष्णधवल रोल सोळाशेला धरून नंतर डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायचा, आणि वाळूसारखे जाड दाणे पत्करायचे. शिवाय एकदा ठरवलं की छत्तीसच्या छत्तीस फ्रेमना तेच. आता दर फोटोला आयएसओ बदलता येतो. गेल्या दहा वर्षांतल्या बॉडीवर ३२०० निर्धास्त ठेवा. पात्र उभं राहून बोलत असेल तर १२५ शटर, म्हणजे सेकंदाचा १२५ वा भाग, पुरतं, हातवारे असतील तर २५०. हललेला चेहरा नंतर दुरुस्त होत नाही, दाणा चालून जातो. शटरचा आवाज बंद करता येत असेल तर तो नक्की बंद करा, पहिल्या रांगेला त्रास होतो.

मंचावरचे दिवे चेहऱ्यावर आणि मागचा पडदा काळा, तेव्हा मीटर चेहरे जाळतो. कारण प्रश्न ६ मध्ये आहे. स्पॉट मीटर लावा, तो चौकटीतला छोटा भागच मोजतो.

९. घरातले फोटो पिवळे आणि सावलीतले निळे येतात. कॅमेरा बिघडला का?

नाही. डेलाइट फिल्म सुमारे ५५०० केल्व्हिनच्या उन्हासाठी बनवलेली असायची. बल्बखाली तीही पिवळी यायची, पण लॅब दुरुस्त करायची. आता ते काम व्हाइट बॅलन्सचं, म्हणजे पांढऱ्याला पांढरं ठेवणाऱ्या सोयीचं. रॉ काढत असाल तर नंतरही बदलता येतं. मी घाटावर सकाळी मुद्दाम डेलाइटवरच ठेवतो. ऑटोवर ठेवलं तर कॅमेरा सूर्योदयाची केशरी छटा ‘दुरुस्त’ करून टाकतो.

१०. जुना फ्लॅश नव्या कॅमेऱ्यावर लावला तर चालेल?

मोजल्याशिवाय लावू नका. लग्नसराईत वापरले जाणारे कित्येक जुने फ्लॅश कॅमेऱ्याच्या संपर्कबिंदूवर दोनशे व्होल्टच्या वर दाब टाकतात. फिल्म कॅमेऱ्याच्या यांत्रिक शटरला त्याचं काही वाटायचं नाही. डिजिटलमधलं नाजूक सर्किट मात्र कायमचं जाऊ शकतं. सेल घालून फ्लॅश पूर्ण चार्ज करा, मल्टिमीटरची एक तार खालच्या मधल्या टोकाला आणि दुसरी कडेच्या पट्टीला लावा. आकडा तुमच्या कॅमेऱ्याच्या पत्रकातल्या मर्यादेच्या वर असेल तर तो फ्लॅश थेट लावायचाच नाही. वायरलेस रिसीव्हर किती सोसतो तेही त्याच्या पत्रकात पाहून मग जोडा. आकडा मोजक्या व्होल्टचाच असेल तर बिनधास्त लावा. आमच्या ओळखीतल्या एकाने एका साखरपुड्यात न मोजता लावला आणि तीन महिन्यांचा कॅमेरा त्याच संध्याकाळी बंद पडला.

११. प्रत्येक फोटोत त्याच जागी काळा ठिपका येतो. आणि रहाडीला (रंगपंचमीला रंगाचं पाणी भरून उड्या मारायचा जुना हौद), पावसात कॅमेरा न्यायचा कसा?

फिल्मवर धूळ बसली तरी पुढच्या फ्रेमला नवी फिल्म यायची. सेंसर मात्र तोच राहतो, म्हणून ठिपकाही राहतो. लेन्स बदलताना बॉडीचं तोंड खाली धरा आणि कॅमेरा आधी बंद करा. ठिपका बसलाच तर रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकर घालू नका, थुंकीचे बारीक डाग धुळीपेक्षा वाईट.

रंगपंचमीला रहाडीजवळ जायचं तर लेन्स घरूनच लावून निघा आणि दिवसभर बदलू नका. साधी जाड प्लॅस्टिक पिशवी, लेन्सच्या तोंडाशी भोक पाडून रबरबँड, आणि पुढे युव्ही फिल्टर. रहाडीत उडी पडते तेव्हा पाणी तीन-चार हात वर उसळतं, त्यामुळे काठावर वाकून फोटो काढायचा मोह आवरा. थोडं मागे, पायरीवर उभं राहून लांबच्या लेन्सने काढा. रंगाचा थेंब बटणात शिरला तर बॅटरी काढा आणि दोन दिवस कॅमेरा चालू करू नका.

१२. डिजिटलवर हजार फोटो काढतो, पण एकही धड वाटत नाही. रोलचे दिवस बरे होते का?

रोलमध्ये छत्तीसच असायचे म्हणून आपण थांबायचो. माणूस चौकटीत कुठे येईल याची वाट पाहायचो. ते थांबणं फिल्ममध्ये नव्हतं, आपल्यात होतं. ते परत आणता येतं. पडद्यावर फोटो आपोआप दिसणं बंद करा. एकच लेन्स लावा आणि रामकुंडापासून नारोशंकराच्या देवळापर्यंत दोन तासांत फक्त छत्तीस फोटो काढा. एकही पुसायचा नाही. घरी येऊन एकदम पाहा. मी अजूनही महिन्यातून एकदा हे करतो. पहिल्या दोन वेळा त्रास होतो, तिसऱ्यांदा हात आपसूक सावकाश होतो.

१३. जुन्या निगेटिव्ह घरच्या घरी डिजिटल कशा करायच्या?

स्कॅनर किंवा कॅमेरा, दोन्हींनी होतं. फ्लॅटबेड स्कॅनरवर २४०० डीपीआयला ३५ एमएमच्या फ्रेममधून साधारण पावणेआठ मेगापिक्सेल मिळतात. प्रत्यक्षात तपशील त्याहून कमी असतो, कारण स्कॅनरचा छापलेला आकडा काच पूर्ण गाठत नाही.

मी कॅमेऱ्याने करतो. मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढणारी) लेन्स, कॅमेरा स्टँडवर तोंड खाली करून, खाली पांढरा एलईडी पॅनेल, त्यावर तीन-चार सेंटिमीटर उंचीवर दुधी अ‍ॅक्रिलिक आणि वर निगेटिव्ह. मोबाइलचा पडदा दिवा म्हणून थेट वापरू नका, त्याचे ठिपके फोटोत उतरतात. कॅमेरा अगदी समांतर आहे का हे पाहायला निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवा. व्ह्यूफाइंडरमध्ये लेन्सचं स्वतःचं तोंड बरोबर मधोमध दिसलं की जमलं. या एका युक्तीने माझ्या कोपऱ्यांचा धूसरपणा गेला. एफ ८, आयएसओ १००, रॉ, दोन सेकंदांचा टायमर. निगेटिव्हची मंद, विनाचकाकीची बाजू लेन्सकडे ठेवा आणि नंतर फोटो डावी-उजवी उलटवा. खोलीतला बाकीचा दिवा बंद.

रंगीत निगेटिव्हच्या केशरी झाकेचा त्रास होतो. दोन फ्रेमच्या मधल्या रिकाम्या केशरी पट्टीवरून व्हाइट बॅलन्स घ्या, मग रंग उलटवा. स्कॅनरमध्ये इन्फ्रारेडने धूळ काढायची सोय असेल तर ती रंगीत निगेटिव्हलाच वापरा. कृष्णधवल फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे चित्रच धूळ समजून पुसलं जातं.

१४. निगेटिव्हवर पांढरी बुरशी आली आहे. धुऊ का?

पाण्याने अजिबात नाही. बुरशी फिल्मवरचं चित्र धरून ठेवणारं जिलेटिन खाते, आणि खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. धुतलं की चित्रच निघून जातं. आधी सिलिका जेल घातलेल्या डब्यात आठवडाभर कोरडं होऊ द्या, जशी आहे तशी डिजिटल करा (प्रश्न १३). मगच चकचकीत बाजू शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ कापडाने टिपा. डब्यातून शिरक्याचा (व्हिनेगरचा) वास येत असेल तर फिल्मचं अ‍ॅसिटेटच कुजतंय. ते रोल बाकीच्यांपासून वेगळे करा आणि आधी त्यांचाच नंबर लावा.

१५. एकदा डिजिटल झालं की निगेटिव्ह टाकून दिल्या तर चालतील?

नाही. दहा वर्षांनी याहून चांगलं स्कॅन करता येईल, आणि पुढचा प्रश्न वाचा. पीव्हीसीच्या पिशव्यांतून काढून पॉलिप्रॉपिलीन किंवा आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवा, आणि कपाट बाहेरच्या ओलसर भिंतीला लागून नसावं.

१६. डिजिटल फोटो जपायचे कसे?

इथे मला मनापासून बोलायचं आहे. फिल्मवर फोटो काढला की तो वस्तू म्हणून घरात असायचा. कुणी काही केलं नाही तरी बिस्किटांच्या डब्यात पडून राहायचा. डिजिटल फोटो राखावा लागतो.

२००९ मध्ये माझी हार्ड डिस्क गेली. दुसरी प्रत नव्हती. २००६ ते २००८ ची तीन वर्षं गेली, मुलीचा बालवाडीचा पहिला दिवस त्यात होता. डेटा परत मिळवून देणाऱ्या एका दुकानाने महिनाभर ठेवून डिस्क जशीच्या तशी परत दिली. पुढे सिन्नरच्या मावशीच्या अल्बममध्ये त्यातले अकरा फोटो सापडले, कारण तिने हट्टाने प्रिंट मागून घेतले होते. तिला संगणक येत नाही. माझ्याकडे त्या तीन वर्षांचे आज तेवढेच अकरा फोटो आहेत.

तेव्हापासून तीन प्रती ठेवतो: एक संगणकावर, दुसरी वेगळ्या डिस्कवर, तिसरी नाशिकरोडला भावाच्या घरी. दर पाडव्याला आणि दसऱ्याला डिस्क उघडून पाचपंचवीस फोटो खरंच उघडतात का ते पाहतो. जुन्या सीडींवर भरवसा ठेवू नका, आजच कॉपी करून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत ही जपणूक नाही, तो फोटो आकसलेला असतो. आणि वर्षाचे निदान पन्नास फोटो कागदावर काढा. मागे पेन्सिलने नाव, गाव, साल लिहा.

१७. दोन वेगळ्या दिवसांच्या फाइलींना एकच नंबर आला आणि जुना फोटो पुसला गेला. असं का?

कॅमेऱ्याचा फाइल क्रमांक ९९९९ झाला की पुन्हा ०००१ पासून सुरू होतो. काही कॅमेऱ्यांत कार्ड बदललं तरी. दोन्ही दिवस एकाच फोल्डरमध्ये टाकले आणि ‘रिप्लेस’ला हो म्हटलं की जुना गेला. मेनूत क्रमांक ‘सलग’ ठेवा आणि दर दिवसाचं फोल्डर वेगळं करा: साल, महिना, दिवस, जागा, याच क्रमाने. पुसलेला फोटो कार्डवर असेल तर त्या कार्डवर एकही नवा फोटो न काढता ते बाजूला ठेवा. फॉरमॅट झालेल्या कार्डालाही हाच नियम. वर काही लिहिलं गेलं नसेल तर बहुतेक वेळा परत मिळतं.

१८. वडिलांच्या कॅमेऱ्यात अर्धा काढलेला रोल आहे, वीसेक वर्षांचा. काय करू?

मागचं झाकण उघडू नका. आत रोल आहे की नाही हे पाहायला रिवाइंडची कळ हलकेच फिरवा. ताण लागला तर आहे. मग खालचं बटण दाबून कळ फिरवत राहा, ताण सुटला की रोल डबीत गेला. आग्फा क्लिक थ्रीसारखा १२० चा (रुंद, मागे कागद असलेल्या रोलचा) कॅमेरा असेल तर तिथे रिवाइंड नसतं. तो पुढेच फिरवत शेवटापर्यंत न्या, मग अंधारात काढून रबरबँड लावा.

रंगीत निगेटिव्ह असेल तर सी-४१ (रंगीत निगेटिव्ह धुण्याची प्रक्रिया) करणाऱ्या लॅबला द्या, मी मुंबईला कुरिअरने पाठवतो. सोबत रोल किती जुना आहे ते लिहा. रंग उतरलेले येतील. कृष्णधवल रोल जास्त टिकतो. कोडाक्रोम (कोडॅकची रंगीत स्लाइड फिल्म) निघाला तर त्याची रंगीत प्रक्रिया २०१० च्या अखेरीस जगभरातच बंद झाली, आता तो कृष्णधवल म्हणूनच धुता येतो.

माझ्या वडिलांच्या क्लिक थ्रीमधून असाच एक कृष्णधवल रोल निघाला. बारापैकी सात फ्रेम आल्या. पाचव्या फ्रेममध्ये आमच्या पंचवटीतल्या वाड्याचं दार आहे आणि दारात आजी, हातात सूप. तिने मान हलवल्यामुळे चेहरा धूसर आहे, दाराच्या कडीची सावली मात्र स्पष्ट. ती फ्रेम प्रश्न १३ मधल्या पद्धतीने डिजिटल केली, तीन प्रती ठेवल्या, आणि एक मोठी प्रिंट सिन्नरला मावशीकडे दिली.